पाऊस थांबल्यावरची इगतपुरी

पावसाळ्यात शनिवार-रविवारी कसारा घाट गाड्यांनी भरून जातो. धबधबे, ढग, भावली धरणाची वाट, भाजलेली कणसे. नवरात्र उलटले की ही सारी गर्दी ओसरते आणि पुढच्या जूनपर्यंत इगतपुरीत पाहण्यासारखे काही उरले नाही, अशा समजुतीने लोक दुसरीकडची वाट धरतात. ही समजूत चुकीची आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेतलेला हा मुलूख त्या पाण्याचे पुढे काय करतो, हे पाहण्याचे दिवस ऑक्टोबर ते डिसेंबर हेच आहेत.

मुंबई-पुण्याकडे यातला पहिला महिना ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून घामाच्या नावाने ओळखला जातो. मोसमी वारे राजस्थानच्या पश्चिम टोकापासून माघार घेऊ लागतात ते साधारण १७ सप्टेंबरच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशाच्या बहुतेक भागातून निघून जातात. समुद्रावरून येणारा ओला वारा थांबतो, ढगांचे छत हटते. जमीन मात्र अजून चिंब असते. तिच्यावर थेट ऊन पडले की वाफ उठते आणि अंग चिकचिकते. इगतपुरीलाही हा उकाडा चुकत नाही. पण गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. दर किलोमीटर उंचीमागे हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. या हिशेबाने समुद्रकाठ आणि घाटमाथा यांत चारएक अंशांचा फरक पडतो. कसाऱ्याहून चढणाऱ्या रेल्वेगाडीच्या खिडकीत बसलेल्याला तो वाढत जाताना अंगावर कळतो. १८६५ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे. त्यामुळे कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. बोगद्यांमागून बोगदे जातात आणि प्रत्येक बोगद्यानंतर आत येणारा वारा थोडा हलका, थोडा कोरडा होत जातो.

याच दिवसांत डोंगरउतार पिवळे होतात. आधी सोनकी फुलते, मग शेतांच्या कडेला आणि वरकस जमिनीवर खुरासणी. थंड देशांतल्या शरदाची चित्रे पाहून अनेकांना वाटते की शरद म्हणजे पानगळ. सह्याद्रीत पानगळ खूप उशिरा, शिशिराच्या सुमारास सुरू होते. इथे शरदाचा रंग झाडांवर दिसत नाही, तो गवतावर आणि भातावर चढतो. हिरव्याचा पोपटी, पोपटीचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस. त्रिंगलवाडीच्या किल्ल्यावरून खाली पाहिले की एका खाचराचा रंग शेजारच्या खाचरापेक्षा वेगळा दिसतो. कारण साधे आहे. आवणी जशी पुढेमागे झाली, वाण जसा हळवा किंवा गरवा, तसे भात पुढेमागे पिकते.

भात पिकले की सोंगणी सुरू होते. शेतकऱ्याचा जीव सर्वांत टांगणीला लागतो तो याच आठवड्यांत. कापलेले भात दोन-चार दिवस शेतातच ऊन खात पसरलेले असते, मग पेंढ्या बांधून खळ्यावर नेऊन झोडायचे. नेमका तेव्हा परतीचा पाऊस आला तर लोंब्या भिजतात, दाणा काळा पडतो, कधी शेतातच कोंब फुटतात. शहरातून आलेल्याला जी दुपार नकोशी वाटते ती कोरडी, रणरणती दुपारच इथे हवी असते. घोटीच्या भातगिरण्यांकडे इंद्रायणीची पोती येऊ लागली की तालुक्याचा वर्षाचा हिशेब लागू लागतो. नव्या इंद्रायणीचा भात मऊ, थोडा चिकट आणि वासाचा असतो. त्यावर घरचे तूप आणि मेतकूट असले की दुसरे काही लागत नाही.

सणही याच कामांना धरून येतात. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला भाविक लोखंडी शिड्या चढून जातात. इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या सीमेवरचे हे शिखर १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर वाघबारस होते. गुरे राखणाऱ्यांचा हा सण. रानात चरणारी जनावरे सुखरूप राहावीत म्हणून वाघदेवाची पूजा करतात आणि दुधाची खीर शिजवतात. ज्या रानात वाघ आता दिसत नाही तिथेही पूजा चुकत नाही. रानाशी असलेले नाते इतके टिकाऊ असते, याचे मोठे समाधान वाटते.

दिवाळी सरते आणि रात्रीची हवा पालटते. आता वारा उत्तर-पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. त्यात ओलावा थोडा. आभाळ निरभ्र असल्याने दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडते. जमिनीलगतची हवा थंड होते, जड होते आणि उतारावरून घरंगळत दरीत साठते. म्हणून डिसेंबरच्या पहाटे कित्येकदा उलटाच प्रकार घडतो: दरीतल्या वाडीत हुडहुडी भरते आणि डोंगरमाथ्यावर त्या मानाने ऊब असते. धुकेही मग खालीच अडकते. कुलंग, मदन, अलंग या किल्ल्यांच्या माथ्यावर मुक्काम केलेल्यांना सकाळी पायाखाली पांढरे धुके पसरलेले दिसते, ते यामुळेच. धरणांवर वेगळे घडते. पाणी हवेइतक्या लवकर थंड होत नाही. कोमट पाण्यावर थंड हवा आली की पृष्ठभागावरून वाफा निघताना दिसतात. दारणा, भावली, मुकणे, कोणत्याही जलाशयाच्या काठी सूर्योदयाआधी अर्धा तास उभे राहिले तरी हे दिसते. नऊ वाजता पोहोचणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही.

पायवाटांवर गवत वाळते. मोजे आणि पँट भरून टाकणाऱ्या कुसळांना ट्रेकर वैतागतात, पण कुसळीचे एक बी तळहातावर घेऊन जरूर पाहावे. त्याला लांब, पिळाची शेपटी असते. दवाने ओली झाली की तिचा पीळ सुटतो, उन्हात वाळली की पुन्हा बसतो. ओल्या रात्री आणि कोरडे दिवस असे आलटून-पालटून आले की ही शेपटी फिरत राहते आणि टोकदार बी स्क्रूसारखे मातीत शिरते. बी पेरण्यासाठी या गवताला हाच ऋतू लागतो. हेच वाळके गवत एका ठिणगीने पेटते. किल्ल्यावर थंडीत शेकोटीचा मोह होतो, पण गवताळ माथ्यावर ती पेटवूच नये. वणवा लागला की बी, घरटी आणि नव्याने रुजलेली रोपे सारेच जाते.

इगतपुरीचे पाणी दोन दिशांना जाते. घाटमाथ्याच्या एका अंगाला पडलेला थेंब वैतरणेतून मुंबईच्या नळात किंवा अरबी समुद्रात. दुसऱ्या अंगाचा दारणेत. कुलंगच्या उत्तर उतारावर उगम पावणारी दारणा १९१६ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणातून पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर पोहोचते. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरलेल्या या पाणथळीवर हिवाळ्यात चक्रवाक आणि तलवार बदके हजारो किलोमीटरचा प्रवास करून उतरतात. इगतपुरीत दोन दिवस घालवणाऱ्याने तिसरा दिवस तिथे द्यावा. निफाडच्या सपाटीवर वर्षाचा पाऊस इगतपुरीच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नसतो, थंडी मात्र जास्त. तिथला पारा काही पहाटे ५ अंशांखाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार बागांत शेकोट्या पेटवून घड जपतात.

घाटमाथ्यावर रात्र लवकर होते. नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर येतो, कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्याच्याच आसपास असतो. डिसेंबरात जेवणे आटोपेपर्यंत मृग नक्षत्र डोंगरावर आलेले असते. दुर्बीण लागत नाही. गावाचे दिवे सोडून एक-दोन किलोमीटर आडवाटेने गेले तरी पुरते.

भात निघालेली खाचरेही रिकामी राहत नाहीत. मातीत अजून ओल असते. तिच्यावर हरभरा, मसूर, वाटाणा पेरतात, आणि पुष्कळ ठिकाणी पाण्याची एकही पाळी न देता ही पिके उभी राहतात. हरभऱ्याच्या पानांवर आंबट आम्ल असते. पूर्वी थंडीत पहाटे लोक पिकावर पातळ, स्वच्छ फडके पसरून ठेवत, आम्लमिश्रित दवाने भिजलेले ते फडके पिळून निघणारी आंब बाटलीत भरत आणि पोटदुखीवर वापरत. आजही पौषात या भागातल्या बांधावरून जाताना हरभऱ्याचा कोवळा शेंडा खुडून तोंडात टाकावा. मालकाला विचारले तर तो नाही म्हणत नाही, उलट घाटे भरल्यावर हुळा खायला या म्हणून सांगतो.