विश्लेषण : पोलादातील ‘दोष’ हीच सळईची ताकद कशी?

जालन्याहून निघणाऱ्या ट्रकमध्ये लांबलचक सळया मधोमध दुमडून भरलेल्या दिसतात. काच अशी वाकवली तर तुकडे होतील. सळई मात्र वाकते आणि पुढे स्लॅबचे ओझेही पेलते. बियाण्यांच्या जालन्याला पोलादनगरी ही दुसरी ओळख देणाऱ्या या सळईचे बळ तिच्या स्फटिकांतील दोषांत आहे.

निर्दोष लोखंड अधिक मजबूत नसते का?

असते, पण त्याची सळई बनवता येत नाही. लोखंडाचे अणू ओळीने, थरांवर थर असे रचलेले असतात. १९५६ मध्ये केसाहून बारीक, जवळजवळ निर्दोष लोखंडी तंतूंनी चौरस मिलिमीटरला सुमारे १३ हजार न्यूटन ताण सोसला होता. बाजारातील ‘एफई ५००’ सळईकडून अपेक्षा असते ५०० न्यूटनची. या तफावतीचे कारण आहे ‘डिसलोकेशन’, म्हणजे मध्येच संपलेला अणूंचा अर्धवट थर. टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. मोंढ्यात पसरलेली जड ताडपत्री एकदम ओढून सरकत नाही. तिला एक घडी पाडून ती पुढे ढकलत नेली की सरकते. डिसलोकेशन ही तशीच घडी. ती सरकते म्हणून पोलाद न तुटता वाकते.

मग ताकद येते कुठून?

घडीची वाट अडवण्यातून, आणि अडवणारेही दोषच! स्फटिककणांच्या सीमा, फटींत शिरलेले कार्बनचे अणू, एकमेकांत गुंतलेली डिसलोकेशन्स. टीएमटी प्रक्रियेत लालबुंद सळईवर पाण्याचा जोरदार मारा होतो. बाहेरचे कवच क्षणात थंड होते, कार्बन जागीच अडकतो आणि कवच कठीण होते. नंतर गाभ्याची उष्णता त्याला जरा नरमवते. गाभा लवचीक राहतो.

सगळेच दोष कामाचे नसतात. जालन्यात पोलाद मुख्यतः भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवून बनते. या भट्टीत फॉस्फरस काढणे कठीण. तो कणांच्या सीमांवर जमला की पोलाद ठिसूळ होते. आयएस १७८६ मानकात ‘५००’साठी फॉस्फरसची मर्यादा ०.०५५ टक्के, तर ‘५००डी’साठी ०.०४० टक्के आहे. तुटण्याआधी ‘५००’ किमान १२ टक्के लांबली पाहिजे, ‘५००डी’ १६ टक्के. भूकंपात हाच फरक मोलाचा. दुकानात मात्र बहुतेक जण फक्त भाव विचारतात.

घर बांधताना काय पाहावे?

वरचा मजला पुढे चढवू म्हणून आपण कॉलमचे गज गच्चीवर उघडे सोडतो. काही जण ते वाकवून ठेवतात आणि वर्षांनी ठोकून सरळ करतात. वाकवताना डिसलोकेशन्सची गर्दी होते. मग कार्बन, नायट्रोजनचे अणू हळूहळू त्यांच्यापाशी सरकून त्यांना जखडतात. तोच गज पुन्हा वाकवताना तडकू शकतो. मानकातील ‘रीबेंड’ चाचणी हेच तपासते : सळई वाकवायची, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची, मग उलट वाकवायची. तडा गेला तर नापास.

गज गॅसने लाल तापवून सरळ करणे आणखी वाईट; पाण्याने कमावलेले कवच त्यात नरम पडते. गंजलेल्या, वाकवलेल्या गजांवर नवा मजला उभारण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे आणि सळई घेताना मिलचे चाचणी प्रमाणपत्र मागावे.