डोळ्याला आधी पाणी, बाकी चौकशी नंतर

बदलापूरचा एक सतरा वर्षांचा मुलगा आईबरोबर माझ्या दवाखान्यात आला, तेव्हा त्याचा उजवा डोळा लालबुंद होऊन सुजला होता. ‘फटाका उडाला’ असे त्याने घरी सांगितले होते. आईला बाहेर बसवल्यावर तो खरे बोलला. चार्जिंगवरून काढलेली ई-सिगारेट तोंडाजवळ नेताच फुटली होती. या गोष्टीला चार तास उलटले होते. वडिलांच्या धाकाने तो गप्प बसला आणि डोळा साधा धुतलाही नाही.

आपल्या देशात सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेटच्या उत्पादनावर, आयातीवर व विक्रीवर बंदी आहे. तरीही ती चोरून मिळते आणि पेनासारखी दिसत असल्याने दप्तरात सहज लपते. तिच्यात लिथियम बॅटरी असते. चुकीचा चार्जर लावला, बॅटरीला मार बसला किंवा खिशातल्या सुट्या बॅटरीला नाणी-किल्ल्या लागल्या, तर ती तापून पेट घेते. निमुळत्या नळीत कोंडलेला वायू मग टोकाकडून रॉकेटसारखा बाहेर पडतो. अमेरिकेत २००९ ते २०१६ या काळात अशा आगी व स्फोटांच्या १९५ घटना नोंदल्या गेल्या.

स्फोटाने डोळ्याला तीन प्रकारे इजा होते: आगीने भाजते, तुकडा घुसतो आणि बॅटरीतील रसायन आत जाते. यातील अल्कली, म्हणजे क्षारयुक्त रसायन, आम्लापेक्षा खोलवर मुरते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्याने कायमचा पांढरा पडू शकतो.

अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांतील कामगारांना एक नियम पाठ असतो: डोळ्यात रसायन गेले की आधी पाणी, मग डॉक्टर. तोच नियम घरातही पाळावा. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या संथ धारेने किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा. डोळा चोळू नये. तूप, मध, गुलाबपाणी घालू नये. तुकडा रुतला असल्यास तो ओढू नये, डोळ्यावर दाब देऊ नये. नंतर त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि काय फुटले ते खरे सांगावे, कारण उपचार त्यावरच ठरतो.

त्या मुलाची दृष्टी वाचली, पण बुबुळावर फिकट डाग राहिला. पालकांनो, मुलाच्या दप्तरात असे काही सापडले तर जरूर रागवा. पण अपघात झाला तर घरी खरे सांगता येईल, एवढा विश्वास त्याला आजच द्या.