कुरळ्या केसांचे घरगुती सरळीकरण : साधनांची निवड आणि आपली जबाबदारी

केसगळतीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला आपण आहार, निद्रा, मलप्रवृत्ती व रजःप्रवृत्ती यांविषयी आवर्जून विचारतो. घरी केस सरळ करण्याचे यंत्र आहे काय, असल्यास ते आठवड्यातून किती वेळा वापरले जाते, हा प्रश्न मात्र आपल्या रुग्णपत्रिकेत क्वचितच आढळतो. वाशी, नेरूळ, खारघर या परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींना तो यापुढे टाळता येणार नाही. ब्यूटी पार्लरमध्ये होणारे ‘स्मूदनिंग’ व ‘केराटिन’ आता बाटलीबंद होऊन घरोघरी पोहोचले आहे. सल्ला मात्र रुग्ण आपल्याकडे किंवा शेजारच्या औषधविक्रेत्याकडेच मागतो.

कुरळेपणा आणि रूक्षता

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात केसांची गणना पितृज भावांत केली आहे. केसाचा आकार जन्मतः प्राप्त होतो. तो व्याधी नव्हे आणि म्हणून चिकित्सेचा विषयही नव्हे. केस पिंजारणे, राठ होणे व टोकाशी दुभंगणे ही मात्र रूक्षतेची लक्षणे आहेत आणि त्यांवर निश्चित उपाय करता येतो. ‘केस सरळ करून द्या’ असे म्हणणाऱ्या बहुतेक रुग्णांना प्रत्यक्षात पिंजारलेपणाच नकोसा झालेला असतो.

आधुनिक शास्त्रानुसार केसातील केराटिन या प्रथिनाचे धागे दोन प्रमुख बंधांनी आकार धरून राहतात. हायड्रोजन बंध पाण्याने व उष्णतेने सुटतात आणि केस वाळल्यावर पुन्हा जुळतात. डायसल्फाइड बंध चिवट असून ते केवळ तीव्र रसायनानेच तुटतात. यंत्राची इस्त्री पहिल्या बंधांवर काम करते; म्हणून तिचा परिणाम तात्पुरता असतो. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, सकाळी सरळ केलेले केस लोकल गाडीतून उतरेपर्यंत पुन्हा वळू लागतात. मग दुसऱ्या दिवशी तापमान वाढवले जाते, यंत्र दोनदा-तीनदा फिरवले जाते आणि रोजच्या दाहाने केस ठिसूळ होत जातो.

उष्ण जलाने शिरःस्नान केल्यास केस व नेत्र यांचे बल कमी होते, असे वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. दोनशे अंशांच्या पट्टीला हा विचार अधिकच लागू पडतो.

यंत्र निवडताना

रुग्ण यंत्र घेणारच असेल, तर केवळ निषेध करून भागत नाही. ज्या यंत्रावर तापमान अंशांत दिसते व कमीजास्त करता येते तेच घ्यावे, असे सांगावे. केवळ ‘चालू-बंद’ कळ असलेली स्वस्त यंत्रे टाळावीत. पट्ट्या सिरॅमिकच्या व गुळगुळीत असाव्यात. लेप उडालेली पट्टी एखाद्या ठिकाणी जास्त तापते. बारीक वा रंगवलेल्या केसांना १५० अंश सेल्सिअसच्या आत, मध्यम केसांना १५० ते १८० अंश आणि अत्यंत जाड केसांनाही २०० अंशांपलीकडे जाऊ नये. एका बटेवरून यंत्र एकदाच, न थांबता फिरवावे. आठवड्यातून एक-दोन वेळांची मर्यादा घालून द्यावी.

ओल्या केसांवर तप्त पट्टी कधीही लावू नये. केसातील पाण्याची वाफ होऊन आत सूक्ष्म फुगे तयार होतात आणि केस त्याच जागी तुटतो. ड्रायर तुलनेने सौम्य आहे. कोरियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावरून सतत हलवत वापरलेल्या ड्रायरने केसांच्या अंतर्भागाची हानी केस आपोआप वाळू देण्यापेक्षा कमी झाल्याचे आढळले. ज्यांना केवळ पिंजारलेपणा घालवायचा आहे, त्यांना हे साधन पुरेसे आहे. किंचित दमट केसांची सैल वेणी घालून झोपणे हा बिनखर्ची उपायही सुचवावा.

बाटलीतील द्रव्ये

खरा धोका येथे आहे. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा अमोनियम थायोग्लायकोलेट असलेली द्रव्ये डायसल्फाइड बंध तोडतात. त्यांनी त्वचा भाजू शकते. काही ‘केराटिन’ द्रव्यांत फॉर्मॅल्डिहाइड वा मिथिलिन ग्लायकॉल असते आणि इस्त्री फिरवताच त्याची वाफ डोळ्यांत व श्वासमार्गात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइडला मानवी कर्करोगकारक ठरवले आहे. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (२०२२) वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा केस सरळ करणारी द्रव्ये वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता ४.०५ टक्के, तर न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आढळली. हा संबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

‘फॉर्मॅल्डिहाइडरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांत पुष्कळदा ग्लायॉक्झिलिक ॲसिड असते. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका तरुणीचे वृत्त प्रसिद्ध झाले. २०२०, २०२१ व २०२२ अशा तीन वेळा केस सरळ करून घेतल्यानंतर प्रत्येक वेळी तिच्या वृक्कांना तीव्र इजा झाली होती. वापरलेल्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायॉक्झिलिक ॲसिड होते. तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावले असता त्यांच्या वृक्कांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. इस्राएलमधूनही अशा रुग्णांची मालिका नोंदवली गेली आहे.

आपल्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. या तरुणीला छर्दी, अतिसार, ज्वर व पाठदुखी ही लक्षणे होती. तसे रुग्ण आपल्याकडेच प्रथम येतात. त्यांना अम्लपित्त वा ज्वर समजून औषध देण्यापूर्वी ‘गेल्या काही दिवसांत केस सरळ केले होते काय, टाळूची आग झाली होती काय’ हे विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास मूत्रप्रमाण पाहावे, रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी आणि ते वाढलेले असल्यास विलंब न लावता वृक्कतज्ज्ञांकडे पाठवावे.

आपली द्रव्ये, आपला सल्ला

चरकाचार्यांनी नित्य शिरोभ्यंगाचे गुण वर्णिले आहेत. वाग्भटाचार्यांनी रूक्षता, कंडू व मल यांत अभ्यंग आणि केसगळती व त्वक्स्फुटनात पिचू सांगितला आहे. खोबरेल तेलाविषयी मुंबईतील संशोधक रेले व मोहिले यांनी २००३ साली दाखवले की, धुण्यापूर्वी वा नंतर लावलेले हे तेल केसातील प्रथिनांचा ऱ्हास कमी करते. खनिज व सूर्यफूल तेलात तो गुण आढळला नाही. परंतु तेल लावलेल्या केसांवर इस्त्री फिरवल्यास तेच तेल केसावर तळले जाते. ‘तेल लावा’ असे सांगताना ‘धुण्याच्या आदल्या रात्री लावा आणि धुतल्याशिवाय यंत्र लावू नका’ हे वाक्य जोडलेच पाहिजे.

धुण्यासाठी शिकेकाई योग्य. रिठा रूक्ष असल्याने राठ केसांत त्याचे प्रमाण अल्प ठेवावे. जास्वंदीच्या पानांचा किंवा जवसाचा बुळबुळीत गर केसांना मऊपणा देतो. यांपैकी काहीही केस सरळ करीत नाही, हे स्पष्ट सांगावे. घरी कूपनलिकेचे वा टँकरचे जड पाणी येते काय, हेही विचारावे. त्यातील क्षारांनी केस राठ होतात आणि दोष तेलाला दिला जातो.

औषधविक्रेते बंधूंना विनंती की, ‘हर्बल’ या शब्दावर विसंबून माल ठेवू नये. बाटलीवर आवळा-भृंगराजाचे चित्र आणि घटकसूचीत ग्लायॉक्झिलिक ॲसिड किंवा ‘ग्लायॉक्झिलॉइल’ने आरंभ होणारे नाव, असे असू शकते. घटकसूची, उत्पादन परवाना क्रमांक व मुदत नसलेला माल घेऊ नये. अशा बाटलीने कोणाला इजा झाली, तर दोष आयुर्वेदाच्या माथी येईल. गर्भिणी, सूतिका, टाळूवर व्रण असलेले आणि वृक्कविकाराचे रुग्ण यांना ही द्रव्ये देऊच नयेत. आपल्या रुग्णपत्रिकेत ‘केशसंस्कार : यंत्र, रसायन, शेवटचा दिनांक’ अशी एक ओळ आजच वाढवावी.