काड्या मोजून निघालेली रेघ

५० काड्या असतात. यॅरो नावाच्या रानरोपाच्या, वाळवलेल्या. ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाचा कौल लावणारा सुरुवातीलाच त्यातली एक बाजूला ठेवतो, ती शेवटपर्यंत वापरायची नाही. उरलेल्या ४९ काड्यांचे तो न मोजता दोन वाटे करतो. दैवाचा हात काय तो इथेच. बाकी सगळा हिशेब.

समजा, डावीकडे २२ आल्या आणि उजवीकडे २७. उजवीकडची एक काडी डाव्या हाताच्या करंगळी-अनामिकेत अडकवायची. मग दोन्ही वाटे चार-चारने मोजायचे. डावीकडे २ उरतात, उजवीकडच्या २६ मधूनही २. (पुरता भाग गेला तर शेवटची चौकडीच शिल्लक धरायची.) ५ काड्या बाद, ४४ हातात. पुन्हा वाटे केले, १९ आणि २५. आता ८ बाद. तिसऱ्या खेपेला १७ आणि १९; ४ बाद. राहिल्या ३२, म्हणजे आठ चौकड्या. आठ हा सम आकडा, म्हणून तुटक रेघ. ती सर्वांत खाली काढायची, कारण आकृती पायापासून वर चढते.

अशा सहा रेघा काढायच्या. बाराव्या शतकात चू शी या पंडिताने जुन्या भाष्यातल्या त्रोटक वर्णनावरून ही रीत नीट बसवली. चौकड्या ६, ७, ८ किंवा ९ एवढ्याच उरू शकतात. ७ आणि ९ अखंड, ६ आणि ८ तुटक. त्यातही ६ आणि ९ म्हणजे उलटायला आलेल्या रेघा. सोय म्हणून तीन नाणी उडवणारे फसतात: नाण्यांत ६ आणि ९ यांची शक्यता सारखीच, काड्यांत मात्र १६ पैकी ९ ला तीन संधी, ६ ला एकच.

या रेघा आल्या कुठून? पुराणपुरुष फूशीने आभाळ, जमीन, पशुपक्षी निरखून त्या आखल्या, असं परंपरा सांगते. पुरावा वेगळं बोलतो. प्राचीन हाडांवर आणि कांस्यपात्रांवर सहा-सहा चिन्हांच्या उतरंडी सापडत, त्यांचा उलगडा होत नव्हता. ते आकडे आहेत, कौलाच्या नोंदी आहेत, असं अभ्यासक चांग चंगलांग यांनी १९७८ च्या सुमारास मांडलं. चीनमधल्या मावांगदुईच्या थडग्यात १९७३ साली मिळालेल्या ग्रंथाच्या रेशमी प्रतीत तुटक रेघ चिनी आठच्या आकड्यासारखीच दिसते. यिन-यांगची जोडी तर मूळ मजकुरात नाहीच; ती पुढच्या भाष्यांनी आणली.

वरच्या मोजणीत पुढे ७, ९, ८, ७, ८ आले, तर ग्रंथातली ४८वी आकृती बनते: विहीर. खालच्या तीन रेघा म्हणजे लाकूड, वरच्या तीन म्हणजे पाणी. पोहरा आत जातो, पाणी वर येतं. तिसरी रेघ ९ची. तिचा मजकूर सांगतो की विहीर उपसून स्वच्छ केली, तरी तिचं पाणी कुणी पीत नाही. ही रेघ उलटली की खालच्या लाकडाचंही पाणी होतं आणि २९वी आकृती उभी राहते: पाण्यावर पाणी, खड्ड्यात खड्डा.