न्यूट्रलमध्ये झकास, गिअरमध्ये खल्लास

आजचा एपिसोड कोडचा नाही, डिझेल इंजिनाचा आहे. पण डिबगिंग तेच.

माझ्या मित्राची जुनी शिडाची बोट मुंबईच्या बंदरात असते. इंजिन दोन सिलिंडरचं, २० हॉर्सपॉवरच्या आसपास. उभ्या बोटीत तासभर मस्त चालतं. गिअर टाकून रेस वाढवली की दहा मिनिटांत वर-खाली होतं आणि बंद. थोडा वेळ थांबलं की परत चालू! आता वारा असेल तर शीड आहे, मान्य. पण ओहोटीच्या ओढीत, आजूबाजूला लाँची असताना जेट्टीला लागायचं तर इंजिनच लागतं. म्हणजे नेमकं नको तिथे दगा.

लोक काय करतात? न्यूट्रलमध्ये रेस करतात आणि म्हणतात, "डिझेल तर नीट येतंय." यातून काहीच सिद्ध होत नाही. एवढं इंजिन आयडलवर तासाला अर्धा लिटरही पीत नाही; पंखा पाणी ढकलायला लागला की दोन-तीन लिटर मागतं. अर्धवट तुंबलेली लाईन आयडलला पुरते, लोडला नाही. म्हणून बोट जेट्टीला दोन्हीकडून घट्ट बांधायची आणि गिअर टाकूनच टेस्ट करायची.

आधी धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण हवा कमी पडतेय किंवा लोड जास्त आहे: एअर फिल्टर, कार्बनने तुंबलेला एक्झॉस्ट, पंख्यात अडकलेलं जाळं. आमच्याकडे काळा धूर नव्हता. इंजिन उपाशी मरत होतं.

मग बायनरी सर्च. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन घेतला, त्याची नळी थेट फीड पंपाला जोडली, हवा काढली. लोडवर अर्धा तास चाललं! म्हणजे पंप आणि त्यापुढचं सगळं ठीक. मग कॅन पहिल्या फिल्टरच्या आधी जोडला. तरी चाललं. फिल्टरही सुटला. उरली टाकी आणि तिची नळी.

परत टाकीवर आलो, फक्त टाकीचं झाकण उघडं ठेवलं. चाललं! टाकीत हवा येण्याची बारीक नळी मिठाने बुजली होती. डिझेल बाहेर जायचं, आत हवा यायची नाही, निर्वात तयार व्हायचा. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपायची, म्हणून इंजिन परत चालू व्हायचं. तारेने नळी साफ केली, खर्च शून्य. इंजेक्शन पंप खोलला असता तर हजारोंचा फटका होता.

एक सावधगिरी: हवा काढल्यावर स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला, तर समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. नाहीतर मफलर भरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकतं. इंजिन पकडलं की लगेच उघडा.

पार्ट बदलण्याआधी प्रश्न अर्धा करा, मंडळी. भेटू पुढच्या भागात!