लहान पंपानें पाणी अधिक उंच चढविणें
पट्ट्यावर चालणारा लहान पंप २५ फूट पाणी चढवितो, पण वरचें वावर भिजण्यास ३६ फूट चढ हवा. अशा वेळीं एंजिनाची ५ इंची पुली काढून ६ इंची घालावी, असें मिस्त्री सांगतात. सल्ला खोटा नाहीं. फेरे १.२ पट झाले म्हणजे चढ त्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढून ३६ फूट होतो. परंतु शक्ति घनाच्या प्रमाणांत, सुमारें पावणेदोनपट, लागते; आणि हें मिस्त्री बहुधा सांगत नाहींत! एंजिनांत तेवढा जोर शिल्लक नसेल, तर आम्ही पुलीस हात लावूं देणार नाहीं.

ओढीची बाजू मात्र फेऱ्यांनीं वाढत नाहीं. तेथें हवेच्या दाबाचेंच काम. उन्हाळ्यांत पाणी पंपाखालीं २० फुटांहून अधिक खोल जात असल्यास पंपच विहिरींत खालीं उतरवावा.