चार घड्याळांचे एकमत

अनेक संगणक एकत्र काम करू लागले, की ‘आता वेळ काय झाली?’ हा साधा प्रश्नही अवघड होऊन बसतो. प्रत्येक यंत्राला स्वतःचे घड्याळ असते. परंतु सर्वांनी एकच काळ मानला नाही, तर त्यांच्यातील माहितीची देवघेव विस्कळीत होते. अमेरिकेच्या ‘कोलंबिया’ या अंतराळयानाच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी याचा प्रत्यय आला.

या यानावर पाच संगणक होते. चार मुख्य संगणक एकच आज्ञावली एकाच वेळी चालवीत आणि परस्परांचा पडताळा घेत. पाचव्या, म्हणजे राखीव संगणकाची आज्ञावली मुद्दाम स्वतंत्रपणे तयार केलेली होती. चौघांत एकच दोष दडलेला असला, तर त्याने यान सांभाळावे, हा त्यामागील हेतू होता.

१० एप्रिल १९८१ रोजी उलटी मोजणी वीस मिनिटांवर आली असता हा राखीव संगणक मुख्य संगणकांशी मेळ साधू शकला नाही. उड्डाण पुढे ढकलावे लागले. चौघे एका बाजूला आणि एकटा दुसऱ्या बाजूला असता दोष एकट्याचाच, असे कोणासही वाटेल. शोधाअंती उलटेच निष्पन्न झाले.

मुख्य संगणकांपैकी जो प्रथम सुरू होई, तो कालगणनेचा आरंभ ठरवी व इतर त्याचे अनुकरण करीत. पूर्वी आज्ञावलीत केलेल्या दोन किरकोळ बदलांमुळे हा आरंभ सदुसष्टात एकदा चुकण्याची शक्यता निर्माण झाली होती. चूक अवघ्या एका आवर्तनाची, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाची होती. चौघांनीही ती सारखीच स्वीकारल्यामुळे आपसांतील पडताळ्यात ती दिसेना. राखीव संगणकाला मात्र काही माहिती अवेळी आलेली आढळली व त्याने ती त्याज्य मानली.

संगणक पुन्हा सुरू करून काळ जुळल्याची खात्री करण्यात आली आणि १२ एप्रिल रोजी जॉन यंग व रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन यान झेपावले.

आज एकाच संगणकात अनेक प्रक्रियक असतात व प्रत्येकाचा कालगणक वेगळा असतो. ते जुळले नाहीत, तर एका प्रक्रियकावरून दुसऱ्यावर गेलेल्या कार्यक्रमाला काळ मागे सरकल्याचाही भास होतो. अशा वेळी दोष बिघाडाच्या क्षणी नव्हे, तर यंत्र सुरू झाले त्या क्षणी शोधावा लागतो. आणि कालगणकांची तुलना केवळ परस्परांशी न करता एखाद्या स्वतंत्र घड्याळाशी करावी लागते. एकमत म्हणजे अचूकता नव्हे.